लाकडी माशाची पारख

“आता डोळे मिट,” भावजी म्हणाले, “आणि बोटाक काय कळता ता सांग.”

मी डोळे मिटले. गळाची काठी उजव्या हातात होती आणि त्याच हाताच्या पहिल्या बोटावरून दोरा गेला होता. मी हळूहळू रीळ फिरवू लागलो तशी बोटाला बारीक धडधड लागली. शेजारच्या खोलीत कोणी शिलाई मशीन चालवत असावं, तेवढीच. मी तसं सांगितलं. भावजी खूश झाले. विमा विकून विकून तुझं डोकं गेलं असेल, पण बोट अजून शाबूत आहे, असं काहीसं म्हणाले आणि काठी माझ्या हातून काढून घेतली.

विश्राम चितारी हे माझ्या थोरल्या बहिणीचे, कुंदाताईचे यजमान. सावंतवाडीला त्यांच्या घरात लाकडी खेळणी पिढ्यान्‌पिढ्या होत आलेली. भावजींनीही तरुणपणी बैलगाड्या आणि केळीचे घड रंगवले, पण खाडीवर गळ टाकायचा नाद होता, त्यामुळे पुढे ते पांगाऱ्याच्या हलक्या लाकडातून मासे कोरू लागले. हे मासे मुलांच्या खेळण्यातले नव्हते. बोटभर लांब, पोटात फुगीर, पोटाला आणि शेपटीला तीन-तीन काट्यांचा गळ, आणि हनुवटीखाली पारदर्शक प्लास्टिकची एक पट्टी. तिला ते ओठ म्हणत. दोरा ओढला की ओठावर पाणी आपटतं, मासा खाली बुडी घेतो आणि जायबंदी झाल्यासारखा डुलत येतो. हौशी लोक ह्याला क्रँकबेट म्हणतात. आमच्याकडचा चोणक, रायगडाकडे ज्याला जिताडा म्हणतात, तो असल्या डुलणाऱ्या शिकारीवर तुटून पडतो.

ह्याला आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हा नाशिकला होतो. लोकांना मरणाची भीती घालून पॉलिसी विकणं हा माझा धंदा, आणि ती भीती घालायला मला फारसं नाटक करावं लागत नसे, कारण मी मुळातच भित्रा. विहिरीत डोकावताना मी कठडा दोन्ही हातांनी धरतो. त्यामुळे दोन-तीन दिवसांसाठी ताईकडे आलो असताना तिने सकाळी-सकाळी भावजींबरोबर खाडीवर जायला सांगितलं, तेव्हा मी झोपेचं सोंग घेतलं. ताईने पांघरूण ओढलं. मी म्हणालो, त्यांचं काम, ते करतील. ती म्हणाली, जा. मी म्हणालो, मला त्यातलं काय कळतं. ती परत म्हणाली, जा. मग दारात चपला घालताना हळूच म्हणाली, “तेंका एकट्याक सोडू नको हां.” मला वाटलं, वय झालंय, पाय घसरेल, म्हणून म्हणत असेल.

काम असं होतं. कोल्हापूरकडच्या हौशी गळवाल्यांचा एक क्लब स्पर्धा घेणार होता आणि तिचा नियम होता की प्रत्येकाने दिवसभर एकच लाकडी किंवा प्लास्टिकचा मासा वापरायचा. उथळ पाणी असो, प्रवाहाची ओढ असो, खोल डोह असो, बदलायचा नाही. तेव्हा सगळ्या पाण्यांत चालेल असा कुठला, ते भावजींनी ठरवून कळवावं, अशी त्यांची विनंती होती. त्यांनी कारखान्यात बनलेले दोन परदेशी मासे पाठवले होते. तिसरा भावजींनी त्यासाठी मुद्दाम कोरला होता. आपला मासाही शर्यतीत असताना न्याय कसा करायचा, असं मी विचारलं, तर म्हणाले की म्हणूनच डोळे मिटून करायचा.

ही त्यांची पारखायची पद्धत. हात एकाचा, डोळे दुसऱ्याचे. ज्याच्या हातात काठी, त्याने पाण्याकडे बघायचं नाही. फक्त दोऱ्यावरच्या बोटाकडे लक्ष द्यायचं. दुसऱ्याने उंचावर उभं राहून मासा कुठे पडला, कसा आला, ते सांगायचं. त्यांचं म्हणणं, डोळा लबाड असतो, रंगाला भुलतो आणि हाताला खोटी साक्ष द्यायला लावतो. मला ते पटलंही. त्यांच्या शब्दाला घाटावरसुद्धा मान होता, मग मी कोण शंका काढणारा?

एरवी मी त्यांच्यावर वैतागलोच होतो. स्कूटरला पूर्वी ते कोणाला हात लावू देत नसत. आज चावी माझ्याकडे फेकून पाठीमागे बसले आणि रस्ताभर ‘खड्डो आसा तर सांग’ म्हणत राहिले. दोऱ्याला मासा बांधायची गाठ मलाच घालायला लावली. वर म्हणाले, तुझी परीक्षा घेतोय. मासे पिशवीतून काढताना हा कुठल्या रंगाचा, तो कुठल्या रंगाचा, हेही मीच सांगायचं. मेव्हणा हा फुकटचा गडी असतो, हे मला माहीत होतं, पण इतका फुकटचा असतो हे माहीत नव्हतं.

कांदळाच्या मुळांपाशी, गुडघाभर पाण्यात, पहिला परदेशी मासा फार चांगला चालला. ओठ आखूड असल्यामुळे तो खोल जात नव्हता. दुसऱ्याचा ओठ लांब, तो चिखलात नाक खुपसून बसला. भावजींचा मासा ना आखूड ओठाचा ना लांब. हळू ओढला तर वरून यायचा, जोरात ओढला तर खाली जायचा. मग आम्ही पुलाखालच्या ओढीत गेलो. तिथे पहिला कुशीवर पडला, दुसरा टिकला, आणि भावजींचा तर जणू त्या ओढीतच जन्मल्यासारखा सरळ आला. भावजी तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत होते.

मळेकोंड राहिलं होतं. खाडी वर जाते तशी अरुंद होते आणि एका वळणावर तिचा खोल डोह झालाय, त्याला मळेकोंड म्हणतात. ओहोटीला वाळूचा एक दांडा उघडा पडतो आणि थेट डोहाच्या मध्यापर्यंत जातो. दुपार झाली होती, ऊन लख्ख होतं आणि आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. पलीकडच्या काठाला केवड्याचं बन होतं. त्याखालचं पाणी काळं दिसत होतं आणि मला ते बघताक्षणी आवडलं नाही.

मी विचारलं की इथे सुसरी असतात ना. आमच्याकडे मगरीला सुसर म्हणतात. भावजी हसले. म्हणाले, लोक सांगतात. खालच्या वाडीतल्या कोणाची बकरी गेली म्हणे. “माका इतक्या वर्सांत एकय दिसाक नाय,” ते म्हणाले, आणि पायातलं काढून दांड्यावरून चालू लागले. वाळूत काटेरी शेपटीचा मासा दडलेला असतो, म्हणून पाय न उचलता घासत चालायचं, असं त्यांनी मला शिकवलं होतं. तसेच पाय घासत ते अगदी टोकाला गेले. मी दांड्याच्या सुरुवातीला एका खडकावर चढून उभा राहिलो. मासे मी डबीत घेऊन आलो होतो, पण बाकी सामानाची पिशवी स्कूटरलाच राहिली होती आणि स्कूटर वर रस्त्यावर होती.

परदेशी मासे आधी झाले; मासा बदलायचा झाला की भावजी खडकापाशी येत आणि मी गाठ घालत असे. डोहाच्या तळाशी दगड आणि बुडलेली झाडं. पहिला तिथवर पोचलाच नाही. दुसरा पोचला आणि दगडात अडकला. भावजींनी हिसके देऊन सोडवला खरा, पण एक काटा मोडला. ते वळून मला सांगत होते की चांगल्या माशाचा ओठ आधी दगडावर आपटायला हवा. ओठ आपटला की मासा उलटून वर होतो आणि मागचे गळ दगडाला लागतच नाहीत. कोंडात न अडकता जो परत येईल, तोच सगळीकडे चालणारा.

मग त्यांनी आपला टाकला. केवड्याच्या बनापासून थोडा अलीकडे पडला, मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. एकदा आला, न अडकता. दुसऱ्यांदा आला. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ताईच्या लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं. तिसऱ्यांदा मासा निम्म्यावर आला असेल, आणि दोरा थांबला.

“अडाकलो,” भावजी म्हणाले. त्यांचा चेहरा पडला.

मी म्हणालो, सोडून द्या, दोनदा आला ना. पण त्यांना ते मान्य नव्हतं. नुसता अडकला म्हणून चालणार नाही, कशात अडकला ते कळलं पाहिजे. दगडात असेल तर मासा नापास. लाकडात असेल तर ओठाचा कोन थोडा बदलून भागेल. त्यांनी बोट दोऱ्यावर टेकवून ठेवलं आणि जरा वेळाने सांगितलं की दगड नाही, थोडं हलतंय, लाकूडच आहे. मग अशा वेळी सगळे गळवाले करतात तेच त्यांनी केलं. काठी मोडू नये म्हणून ती वाळूवर ठेवली, खांद्यावरचा पंचा हाताला कोपरापासून मनगटापर्यंत गुंडाळला, आणि त्यावर दोऱ्याचे वेढे घेत सरळ ओढायला लागले. तो विणलेला दोरा असतो, दिसायला शिवणाच्या दोऱ्याएवढा, पण माणूस लटकला तरी तुटत नाही.

“येता, येता,” ते म्हणाले. “लाकूडच आसा.”

मीही बघितलं. पाण्याखालून एक काळपट ओंडका हळूहळू वर येत होता. माझं काम होतं माशाकडे बघायचं, म्हणून मी त्या ओंडक्यावर मासा शोधत होतो. तो दिसलाही. ओंडक्याच्या कडेला, एका सुरकुतीत, लाल पोटाचा इवलासा मासा चिकटला होता. मला आनंद झाला. मी तसं सांगायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात ओंडक्याने पाय मागे घेतला.

पुढचे काही क्षण मला नीट आठवत नाहीत. ओहोटीचं पाणी खाली चाललं होतं आणि तो ओंडका पाण्याच्या उलट दिशेला वळत होता, एवढं आठवतं. मग एक डोकं वर आलं. डोळ्यांचे दोन उंचवटे, पाठीवरचे काटे. शेपूट कुठे संपत होतं ते दिसतच नव्हतं. 

“भावजी, सुसर.”

“खंय?”

ती त्यांच्या समोर होती. लख्ख उन्हात, दहा-बारा हातांवर. आणि भावजी मान वळवून डावीकडच्या रिकाम्या काठाकडे बघत होते. मग उजवीकडे वळले. मग पुन्हा डावीकडे. त्यांची नजर दोनदा तिच्यावरून गेली आणि एकदाही थांबली नाही.

“समोर. तुमच्या समोर आसा.”

ते समोर बघत राहिले. डोळे उघडे होते, ताणून मोठे केलेले.

“जयवंता,” ते अगदी हळू म्हणाले, “माका दिसत नाय.”

मला आधी वाटलं, सुसर दिसत नाही. मग स्कूटरची चावी, खड्डे, गाठ, माशांचे रंग, वाळूत घासणारे पाय हे सगळं एका झटक्यात माझ्या लक्षात आलं. तो माणूस आंधळा होता आणि त्याचा हात सुसरीला बांधलेला होता.

मी ओरडून सांगितलं, दोरा सोडा, मागे या. ते म्हणाले, ओरडू नको. दोरा सुटत नाही. ती ओढून धरते आहे तोवर वेढे आवळलेलेच राहणार. मी ते बघत होतो. दोरा तारेसारखा ताठ झाला होता आणि भावजी वाळूतून घसरत घोट्याएवढ्या पाण्यात गेले होते. सुसरीने हिसका असा दिलाच नव्हता. पायात काही टोचल्यावर म्हैस जशी नुसती अंग काढून घेते, तशी ती सावकाश मागे सरत होती. तिला कळलं असतं की दोऱ्याच्या ह्या टोकाला माणूस आहे, तर काय झालं असतं, ते मला अजून कधी कधी स्वप्नात दिसतं.

मला पळून जावंसं वाटत होतं. वर रस्ता होता, स्कूटर होती, पिशवीत कात्री होती. कात्री आणायला जातो, असं म्हणत पळता आलं असतं, आणि ते खोटंही ठरलं नसतं. पण चढ चढून परत येईपर्यंत दांड्यावर कोणी उरलं असतं की नाही, कोण जाणे. ताई म्हणाली होती, एकट्याक सोडू नको. मी खडकावरून उतरलो. पाय माझे नव्हतेच. कोणाचे तरी दुसऱ्याचे पाय मला दांड्यावरून पुढे नेत होते, आणि मी मनात रवळनाथापासून नाशिकच्या काळारामापर्यंत जेवढे देव आठवतील तेवढे हाका मारत होतो.

मी पाठीमागून त्यांच्या कमरेला मिठी घातली. त्यांचं अंग घामाने भिजलं होतं, पण आवाज स्थिर होता.

“दोरो सैल झालो तरच सुटतलो,” ते म्हणाले. “आणि सैल कधी होतलो, कळला मा तुका?”

मला कळलं होतं. ती लांब जाईल तितका दोरा आवळणार होता. ती आमच्याकडे येईल तेव्हाच तो सैल पडणार होता. म्हणजे सुटायचं असेल तर तिने जवळ यायला हवं होतं.

“ती येता की जाता, माका सांगत रव. आणि खरा सांग. माका बरा वाटूचा म्हणान खोटा सांगू नको.”

खोटंच तर मी सांगणार होतो. मी खरं सांगायला लागलो. थांबली आहे. डोकं आपल्याकडे वळवलंय. जबडा पाण्यावर ठेवलाय. डोळे उघडे आहेत. प्रत्येक वाक्य बोलताना मला वाटत होतं की ती ऐकते आहे. भावजी मोकळ्या हाताने पहिला वेढा चाचपत होते. घाई करत नव्हते. घाई केली असती तर वेढ्यांची गाठ बसली असती. ती हातभर पुढे आली, दोरा किंचित लवला आणि एक वेढा निघाला. मग ती पुन्हा मागे सरली आणि आम्ही दोघेही ओढले गेलो. पाणी माझ्या पिंढऱ्यांना लागलं.

मग ती बुडाली. वर एक बुडबुडा आला आणि पाणी सारखं झालं.

“काय झाला? बोल,” भावजी म्हणाले.

“बुडाली.”

“खंय?”

“दिसत नाय,” मी म्हणालो. काळं पाणी तेवढं होतं. आयुष्यात इतका मी कधी भ्यालो नाही. आता आम्हा दोघांना सारखंच दिसत होतं.

भावजींनी एक मोठा श्वास घेतला. “बरा,” ते म्हणाले. “माझ्या पाठी रव. मी सांगतंय तवसर हलू नको.” त्यांनी मोकळ्या हाताचं पहिलं बोट दोऱ्यावर टेकवलं, आणि डोळे मिटले. त्यांच्या डोळ्यांचा आता काय उपयोग होता, पण त्यांनी ते मिटले.

“उजव्या अंगाक जाता,” ते म्हणाले. जरा वेळाने म्हणाले, “तळाक टेकली.” मग बराच वेळ काही नाही. त्यांच्या पाठीत त्यांचं काळीज धडधडत होतं आणि ते मला माझ्या छातीत लागत होतं. केवड्याच्या बनात एक पक्षी ओरडला तेव्हा मी जवळजवळ पाण्यात बसलो.

“शेपूट हलयल्यान,” भावजी म्हणाले. आणि मग, श्वासागत, “येता.”

मी पाण्याकडे बघत होतो. पाण्यावर काहीही नव्हतं. साधी रेघसुद्धा नव्हती. पण दोरा पाण्याला लागला होता, झोळीसारखा लोंबत होता. भावजींचा हात चालू लागला. एक वेढा. दुसरा. तिसरा पंच्याच्या दशीत अडकला, त्यांनी तो नखाने उचलला. मला त्यांना उचलून पळावंसं वाटत होतं. ते म्हणाले, नाही, अजून दोन आहेत. दोरा आता आमच्या पायांपाशी गोळा होत होता, एवढा सैल. म्हणजे ती किती जवळ आली होती, ते मला मोजायचं नव्हतं.

“सुटलो,” ते म्हणाले. “पाठी वड माका.”

मी ओढलं. आम्ही दोघेही वाळूत उताणे पडलो, तसेच कोपरांवर मागे सरकलो, उठलो, आणि मी त्यांना काखेत धरून खडकापर्यंत फरफटत आणलं. मागे पाणी उसळल्याचा आवाज झाला. मी वळून बघितलं. दांड्याच्या टोकाला, जिथे आमच्या पायांचे खळगे होते, तिथे ती अर्धी वर आली होती. लांबलचक तोंड वाळूवर टेकवून पडली. आम्हाला शोधत नव्हती, आमच्याकडे बघतही नव्हती. थोड्या वेळाने मागे सरून ती पाण्यात गेली. वाळूवर ठेवलेली काठी, रीळ आणि तो मासा सगळं तिच्याबरोबर गेलं.

स्कूटरपाशी पोचल्यावर मी चावी लावली आणि पुन्हा काढून घेतली. आम्ही रस्त्याच्या कडेला बसलो. भावजींच्या हातावर पंच्यातूनही दोऱ्याचे वळ उठले होते. काचबिंदू, त्यांनी सांगितलं. गेल्या दिवाळीपासून कडा गेल्या, पावसाळ्यात मधलंही गेलं. आता उजेड कळतो आणि सावल्या कळतात. गोव्याच्या डॉक्टरने सांगितलंय की गेलेलं परत येत नाही. तेव्हापासून खाडीवर रिक्षाने येतो. कुंदाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती खाडीवर सोडणार नाही, आणि क्लबवाल्यांना कळलं तर आंधळ्याकडे कोण पारख मागेल.

माझी भीती ओसरली की मला वायफळ बडबड सुटते. मी म्हणालो, क्लबला बिनधास्त कळवा की विश्राम चितारींचा मासा उथळात चालतो, ओढीत चालतो, कोंडात चालतो आणि सुसरीलाही चालतो. मला वाटलं, हसतील.

ते हसले नाहीत. वळ उठलेल्या हाताकडे तोंड करून बसले होते.

“पावसानंतर ह्याच जाग्यार तीन-चार वेळा अडाकलो माझो मासो,” ते म्हणाले. “दर वेळी असोच. जरा हलायचा, म्हणान मी समाजलंय लाकूड. हाताक गुंडाळून ओढत रवायचंय. मगे आपसूक सुटायचा.”

“तेव्हा तुमच्या सोबतीक कोण होता?”

“कोण नाय.”

 भावजी हळूहळू थरथरायला लागले. दांड्यावर, कमरेला मिठी घातली होती तेव्हासुद्धा ते थरथरले नव्हते. आता त्यांचे दातही वाजत होते. दुपारच्या उन्हात मी माझा शर्ट काढून त्यांच्या अंगावर टाकला आणि बसून राहिलो.

घरी पोचलो तेव्हा ताई अंगणातच होती. तिने भावजींच्या हाताकडे बघितलं, माझ्या उघड्या अंगाकडे बघितलं आणि काही न विचारता विहिरीवर पाणी काढून ठेवलंय म्हणाली. भावजी भिंतीला हात लावत मागीलदारी गेले. मी तिच्या पाठोपाठ स्वयंपाकघरात शिरलो. मला राग आला होता, आणि भित्र्या माणसाचा राग फार वाईट असतो.

“तुका म्हायत होता,” मी म्हणालो.

तिने चहाचं आधण ठेवलं. म्हणाली, नवरा दिवसभर घरात वावरतो, त्याच्या पाण्याच्या तांब्याची जागा हलवली की तो हवेत हात फिरवतो, हे बायकोला कळणार नाही तर कोणाला कळणार. पण त्यांनी आपणहून सांगितलं नव्हतं, तर आपण तरी कसं काढावं. म्हणून ती घरातल्या वस्तू हलवेनाशी झाली होती, एवढंच.

“मगे माका तरी सांगूचा होता,” मी म्हणालो. “आज काय झाला असता, ठाव आसा?”

“सांगला असता तर तू गेलो असतंस?”

ती माझ्याकडे बघतही नव्हती, आल्याचा तुकडा ठेचत होती.  तिला उत्तराची गरजही नव्हती.

भावजी अंघोळ करून पडवीत येऊन बसले. ताईने चहा नेला. मी दारात उभा होतो. ताईने कप त्यांच्याजवळ ठेवला आणि जायला वळली, तेव्हा त्यांनी हाक मारली.

“कुंदा,” ते म्हणाले, “माका दिसत नाय.”

ती थांबली. पदराला हात पुसले. मग त्यांच्या शेजारी खाली बसली.

“म्हायत आसा,” ती म्हणाली. “चाय तुमच्या डाव्या हाताक ठेवलंय. गरम आसा.”

भावजींनी डावा हात कपाकडे नेला. तो अजून थरथरत होता, म्हणून ते पिऊन होईपर्यंत ताईने कप खालून धरून ठेवला.